छोट्या महानगर क्षेत्रातले रोजगार आणि पगार: उद्योगवार आकडे वाचताना कुठे फसगत होते? (अमेरिका)

मोजपट्टी

अमेरिकेत किमान ५०,००० वस्तीचा शहरी गाभा असेल, तर त्याच्या आजूबाजूच्या कौंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) धरून महानगर क्षेत्र ठरतं. नेवाडातल्या कार्सन सिटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत जेमतेम ५८ हजारांच्या आसपास होती, तरी तेही महानगर क्षेत्रच. इतक्या लहान ठिकाणी एखादी कंपनी आली, गेली किंवा तिचा वर्गसंकेत (उद्योगाचा सरकारी क्रमांक; अंक जितके जास्त तितका उद्योग नेमका) बदलला की अख्ख्या उद्योगाची टक्केवारी हलते. तरीही न्यूयॉर्क-शिकागोचे आकडे वाचायची पद्धत इथे जशीच्या तशी लावली जाते आणि "अमुक क्षेत्रात पगार ११ टक्क्यांनी वाढले" असे मथळे छापून येतात. ते बरेचदा खरे नसतात. म्हणून हा धागा.

कामाचं मुख्य साधन म्हणजे कामगार सांख्यिकी विभागाची, बीएलएसची, तिमाही गणना: क्यूसीईडब्ल्यू. मालक बेरोजगारी विम्यासाठी दर तिमाहीला राज्याकडे जे विवरण भरतात, त्यावरून ती तयार होते. नमुना पाहणी नसून जवळपास पूर्ण मोजणी असल्यामुळे देशातल्या ९५ टक्क्यांहून अधिक नोकऱ्या तिच्यात येतात. छोट्या क्षेत्रासाठी उद्योगाच्या खोल पातळीपर्यंत जाणारं याहून भरवशाचं काही नाही. तोटा एकच, तिमाही संपल्यावर आकडे यायला साधारण पाच-सहा महिने लागतात.

तिच्यात स्वयंरोजगार करणारे, लष्करातले लोक, रेल्वे कर्मचारी आणि शेतीवरचे बरेच मजूर नसतात. ज्या विद्यापीठात शिकतात तिथेच काम करणारे विद्यार्थीही बहुतेक करून वगळले जातात. इथाकासारख्या विद्यापीठाच्या गावात ही वजाबाकी लहान नाही.

फाइल उघडल्यावर सर्वांत आधी तीन रकाने बघा.

मालकीचा संकेत: ० म्हणजे एकूण, १ संघीय, २ राज्य, ३ स्थानिक सरकार, ५ खाजगी. त्यानंतर एकत्रीकरणाची पातळी: कौंटीसाठी ७० ते ७८, महानगर क्षेत्रासाठी ४० ते ४८. एकाच फाइलमध्ये एकूण, दोन अंकी उद्योगगट, तीन अंकी, चार अंकी अशा सहा अंकांपर्यंतच्या ओळी एकाखाली एक असतात. सगळ्या ओळींची बेरीज केली की तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. एका वेळी एकच पातळी गाळून घ्या. खाजगी उद्योगांची दोन अंकी गटांनुसार तुलना हवी असेल तर कौंटीसाठी पातळी ७४ आणि मालकी ५.

तिसरा रकाना गोपनीयतेचा. तिथे 'एन' असेल तर आकडा झाकलेला आहे. पण डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये त्या जागी शून्य दिसतं. हे शून्य खरं समजून आलेख काढला की उद्योग एका तिमाहीत मेला आणि पुढच्या तिमाहीत जिवंत झाला असं दिसतं. आस्थापनांची संख्या मात्र झाकलेल्या ओळीतही दिलेली असते. संख्या ३ आणि नोकऱ्या शून्य असं दिसलं की समजून जावं.

गणकयंत्र

उत्तम सुरुवात. महानगर क्षेत्राच्या संकेताबद्दल एक भर. क्यूसीईडब्ल्यूच्या फाइलींत नेहमीच्या पाच अंकी संकेतातले पहिले चार अंक घेऊन पुढे 'सी' लावतात. एल्कहार्ट-गोशेनचा संकेत २११४० आहे, तर फाइलमध्ये तो सी २११४ असा शोधावा लागतो. पाच अंक टाकून शोधलं की काहीच सापडत नाही, आणि आकडे उपलब्धच नाहीत असा समज होतो.

सावली

साप्ताहिक पगार नेमका कसा काढतात? माझ्या तक्त्यात एका कौंटीतल्या कारखानदारीचा पगार वर्षभरात १६ टक्क्यांनी वाढलेला दिसतो आहे, नोकऱ्या मात्र तेवढ्याच आहेत.

मोजपट्टी

@सावली, तिमाहीत दिलेला एकूण पगार भागिले तीन महिन्यांच्या नोकऱ्यांची सरासरी, भागिले १३ आठवडे. नोकऱ्या त्या-त्या महिन्याच्या १२ तारखेचा दिवस ज्या वेतनकाळात येतो, त्या काळातल्या. बोनस, वापरलेले शेअर-पर्याय, टिपा हे सगळं पगारात धरलेलं असतं.

१६ टक्के हा आकडा पाहिला की आधी वेतनाचे वार मोजा. दर दोन आठवड्यांनी पगार देणाऱ्या कारखान्यात तिमाहीत सहसा ६ वेतनदिवस येतात, पण कधीकधी ७ येतात. समजा एका पाळीच्या कामगाराचा दोन आठवड्यांचा पगार २,४०० डॉलर आहे. ६ वेतनदिवसांना १४,४०० भागिले १३, म्हणजे आठवड्याला सुमारे १,१०८ डॉलर. ७ वेतनदिवसांना १६,८०० भागिले १३, म्हणजे १,२९२. वाढ १६.७ टक्के, आणि कुणाच्याही दरात एका सेंटची भर नाही. दर आठवड्याला पगार देणाऱ्यांकडे हाच प्रकार १३ ऐवजी १४ वेतनदिवसांनी होतो, तेव्हा ७.७ टक्के वाढ दिसते.

मोठ्या शहरात हजारो मालकांचे वेगवेगळे वार एकमेकांना झाकतात. छोट्या क्षेत्रात एकाच मोठ्या मालकाचा वार अख्ख्या ओळीवर राज्य करतो. संघीय सरकारच्या ओळीत हे हमखास दिसतं, कारण सगळ्यांचा पगार एकाच पंधरवड्याच्या चक्रात.

उपाय म्हणजे एका तिमाहीची तुलना टाळून सलग चार तिमाहींची बेरीज घेणं. एकूण पगाराची बेरीज भागिले बारा महिन्यांच्या नोकऱ्यांची सरासरी, भागिले ५२. वाराचा गोंधळ पूर्ण जात नाही, पण चौथ्या हिश्श्यावर येतो.

सावली

वार तपासले. आदल्या वर्षीच्या त्या तिमाहीत सहा शुक्रवार पगाराचे होते, यंदा सात. वार्षिक सरासरी घेतली तर वाढ ४ टक्क्यांच्या खाली आली. आभार.

उत्तरायण

बोनसबद्दलही सांगायला हवं. ज्या गावात कंपनीचं मुख्यालय आहे तिथे वर्गसंकेत ५५, म्हणजे कंपन्यांचं व्यवस्थापन, ही ओळ पाहा. वार्षिक बोनस बहुधा पहिल्या तिमाहीत दिले जातात, त्यामुळे ही ओळ दरवर्षी जानेवारी-मार्चमध्ये उंच उडते आणि एप्रिलपासून खाली येते. पहिल्या तिमाहीची तुलना फक्त आधीच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीशी करा. तीही जपूनच, कारण बोनस एखाद्या वर्षी मार्चऐवजी एप्रिलमध्ये दिला तर एक तिमाही पडलेली आणि दुसरी फुगलेली दिसेल.

कौलारू

मालकीच्या संकेताकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि आरोग्यसेवेची तुलना करताना सर्वांत मोठी चूक तिथेच होते.

मिनेसोटातलं रोचेस्टर आणि आयोवातलं आयोवा सिटी घ्या. दोन्ही ठिकाणी एक प्रचंड रुग्णालय हाच रोजगाराचा कणा. मेयो क्लिनिक खाजगी, ना-नफा संस्था आहे, म्हणून तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर खाजगी आरोग्यसेवेत मोजले जातात. आयोवा विद्यापीठाचं रुग्णालय राज्याचं आहे, त्यामुळे तिथली तीच कामं करणारी माणसं राज्य सरकारच्या मालकीत जातात. फक्त मालकी ५ गाळून दोन्ही शहरांतली आरोग्यसेवा मोजली तर आयोवा सिटी आरोग्यात अगदीच किरकोळ दिसेल. मालकी २, ३ आणि ५ मध्ये वर्ग ६२, म्हणजे आरोग्यसेवेचा गट, वेगवेगळा काढून बेरीज करा. ती झाकलेली असेल तर निदान तसं लिहा.

आदिवासी जमातींच्या मालकीच्या कॅसिनोंचंही असंच. २००१ पासून ते स्थानिक सरकारमध्ये मोजले जातात. एखाद्या लहान क्षेत्रात "स्थानिक सरकारी नोकऱ्या" भराभर वाढताना दिसल्या, तर महापालिकेला दोष देण्याआधी जवळपास नवा कॅसिनो आला आहे का ते पाहा.

गणकयंत्र

+१. दुसरी चूक कंत्राटी कामगारांची. तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या संस्थेमार्फत कारखान्यात काम करणारा माणूस कारखानदारीत मोजला जात नाही, तो ५६१३ या रोजगारसेवांच्या वर्गात जातो. यंत्र कारखान्याचं, पाळी कारखान्याची, पगारपत्रक मात्र पुरवठादाराचं. कारखान्याने ३०० कंत्राटी कामगार कायम केले, तर आकड्यांत कारखानदारीत ३०० ने वाढ आणि व्यावसायिक सेवांत ३०० ने घट दिसते. एकही नवी नोकरी निर्माण झालेली नसते. मंदी येताना हे उलटं होतं: आधी ५६१३ घसरतो, कारखानदारीची ओळ नंतर. म्हणून छोट्या औद्योगिक क्षेत्रात ५६१३ आणि ३१-३३ (कारखानदारी) हे दोन वर्ग एकाच आलेखावर ठेवावेत.

पाटीपेन्सिल

मासिक आकड्यांचं काय? स्थानिक बातम्यांत दर महिन्याला "४०० नोकऱ्या वाढल्या" असं येतं, ते क्यूसीईडब्ल्यू नसणार.

मोजपट्टी

नाही, ती सीईएस ही आस्थापनांची मासिक नमुना पाहणी. ताजी असते, हाच तिचा गुण. पण ६० हजार नोकऱ्यांच्या क्षेत्रात महिन्याला २००-३०० चा फरक अनेकदा नमुना-त्रुटीच्या आतच असतो. छोट्या क्षेत्रासाठी उद्योगगटही मोजके मिळतात, खाणकाम-वृक्षतोड आणि बांधकाम तर एकत्र बांधून दिलेले असतात. शिवाय दरवर्षी जानेवारीचे आकडे जाहीर होताना, म्हणजे मार्चच्या सुमारास, मागचे आकडे क्यूसीईडब्ल्यूशी जुळवून घेतले जातात. आदल्या वर्षभर "वाढ" म्हणून छापलेलं त्यात पुसलं जाऊ शकतं. सीईएस दिशेसाठी पाहा, तीन महिन्यांची सरासरी काढून, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून. पातळीसाठी क्यूसीईडब्ल्यूच.

बेरोजगारीचा दर एलएयूएसमधून, म्हणजे बीएलएसच्या स्थानिक बेरोजगारीच्या आकडेवारीतून येतो, आणि तो माणूस राहतो कुठे यावर मोजला जातो. वरच्या दोन्ही गणना माणूस काम करतो कुठे यावर. टेक्सासमधली मिडलंड आणि ओडेसा ही शेजारची पण वेगळी महानगर क्षेत्रं आहेत, रोज लोक इकडून तिकडे जातात. मिडलंडमधल्या तेलसेवा कंपनीने माणसं कमी केली तर नोकऱ्या मिडलंडच्या घटतील, बेरोजगारी काही अंशी ओडेसात दिसेल. दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून एक चुकीचा ठरवू नये.

उत्तरायण

मिडलंडचा विषय निघालाच आहे तर: दरडोई उत्पन्नाच्या यादीत ते वर दिसतं, त्यावरून तिथले पगार तेवढेच उंच असा अर्थ काढू नका. आर्थिक विश्लेषण विभागाच्या, बीईएच्या, वैयक्तिक उत्पन्नात लाभांश, व्याज, भाडं आणि तेलाच्या मालकीहक्काचा वाटाही असतो. पगाराची चर्चा असेल तर पगाराचीच मालिका घ्या.

कौलारू

सरासरी पगार कसा फसवतो ते आकडे मांडून दाखवतो. काल्पनिक क्षेत्र, दोनच उद्योग.

पहिल्या वर्षी कारखान्यात ८,००० माणसं, आठवड्याला १,३०० डॉलर. हॉटेल-उपाहारगृहांत ६,००० माणसं, आठवड्याला ५०० डॉलर. एकूण १ कोटी ३४ लाख डॉलर, भागिले १४,००० माणसं: सरासरी ९५७.

दुसऱ्या वर्षी हॉटेलांतल्या १,५०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. बाकी काहीही बदललं नाही. एकूण १ कोटी २६ लाख ५० हजार, भागिले १२,५००: सरासरी १,०१२. वाढ ५.७ टक्के.

दीड हजार घरांचं उत्पन्न बंद झालं, आणि अहवालात "पगार वाढले" असं लिहिलं जाईल. एप्रिल २०२० मध्ये देशपातळीवर हेच झालं. कमी पगाराच्या नोकऱ्या एकदम गेल्या आणि सरासरी ताशी वेतनाने उडी घेतली. म्हणून पहिल्या वर्षाच्या नोकऱ्यांचं वजन कायम ठेवून दुसऱ्या वर्षाचे उद्योगवार पगार लावायचे आणि मग सरासरी काढायची. वरच्या उदाहरणात ती वाढ शून्य येते, आणि तेच सत्य आहे. दोन्ही आकडे शेजारी छापा. त्यांच्यातलं अंतर म्हणजे उद्योगांच्या मिश्रणातला बदल.

हे उद्योगाच्या आतही घडतं. कारखान्याने नवख्यांना काढून जुन्यांना ठेवलं तरी सरासरी चढते. आणि साप्ताहिक पगारात तास लपलेले असतात. जादा पाळ्या बंद झाल्या की ताशी दर तोच राहून आठवड्याचा पगार घसरतो. एल्कहार्टमध्ये फिरती घरं आणि ट्रेलर बनवणारे कारखाने आहेत, वर्ग ३३६२. तिथे तुकड्यावर मोबदला देण्याची पद्धत रूढ आहे, त्यामुळे मागणी वाढली की पगाराची ओळ नोकऱ्यांच्या आधी चढते आणि मंदावली की आधी उतरते. २००९ च्या सुरुवातीला त्या क्षेत्रातला बेरोजगारीचा दर १५ टक्क्यांच्याही वर गेला होता. एका उद्योगावर उभं असलेलं क्षेत्र किती वेगाने कोसळतं ते तिथे दिसलं.

पाटीपेन्सिल

एकाच उद्योगावर किती भार आहे ते मोजायला स्थाननिर्देशांक, म्हणजे लोकेशन कोशंट, पुरेसा आहे का?

मोजपट्टी

सुरुवातीला पुरेसा. क्षेत्रातला उद्योगाचा वाटा भागिले देशातला वाटा. ६० हजार नोकऱ्यांपैकी १५ हजार कारखानदारीत, म्हणजे २५ टक्के. देशात कारखानदारी साधारण ८ टक्के. निर्देशांक सुमारे ३.१. फक्त छेद दोन्हीकडे सारखा हवा, एकीकडे खाजगी नोकऱ्या आणि दुसरीकडे एकूण असं चालत नाही.

वाढीची फोड करायला शिफ्ट-शेअर. समजा कारखानदारी वर्षात ८,००० वरून ८,२४० वर गेली. देशातल्या एकूण नोकऱ्या २ टक्क्यांनी वाढल्या, देशातली कारखानदारी ०.५ टक्क्यांनी. देशाच्या लाटेचा वाटा १६०. उद्योग देशभर मागे पडल्याचा वाटा उणे १२०. उरलेले अधिक २०० स्थानिक. बेरीज २४०.

आता या २०० ला पाठ्यपुस्तकं "स्पर्धाक्षमता" म्हणतात. ६० हजार नोकऱ्यांच्या क्षेत्रात ते बहुधा एका कारखान्याचं नाव असतं. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनजवळ नॉर्मल इथे मित्सुबिशीचा बंद पडलेला मोटार कारखाना २०१७ मध्ये रिव्हियनने घेतला. त्यानंतरची तिथली "स्थानिक" वाढ म्हणजे मुख्यतः तो एक निर्णय. तो निर्देशांकाने भाकीत करता आला नसता.

सावली

झाकलेले आकडे भरून काढायचा काही मार्ग?

गणकयंत्र

तीन मार्ग आहेत. पहिला, एक पातळी वर जा: चार अंकी झाकलेला असेल तर तीन अंकी बहुधा उघडा असतो. दुसरा, वजाबाकी: कारखानदारी एकूण १५,०००, उघड्या उपवर्गांची बेरीज ९,२००, तर उरलेल्या झाकलेल्या वर्गांत मिळून ५,८००. प्रत्येकात किती ते कळणार नाही, कारण वजाबाकीने नेमका आकडा निघू नये म्हणून दुसरा वर्गही मुद्दाम झाकतात. त्या गटाला "इतर कारखानदारी" म्हणा आणि तसाच वापरा.

तिसरा मार्ग, जनगणना विभागाचे क्यूडब्ल्यूआय, म्हणजे तिमाही मनुष्यबळ निर्देशक. तिथे आकडे झाकण्याऐवजी बहुतेक ठिकाणी त्यांत मुद्दाम थोडा गोंगाट, म्हणजे किरकोळ फेरफार, मिसळतात, त्यामुळे मालिका सलग मिळते. नव्याने रुजू झालेल्यांचा पगार वेगळा मिळतो, हे तर फारच मोलाचं: मजुरांची खरी टंचाई असेल तर ती जुन्यांच्या सरासरीआधी नव्यांच्या पगारात दिसते. त्याच विभागाचे वार्षिक 'काउंटी बिझनेस पॅटर्न्स'ही कामी येतात, पण तिथे सरकारी नोकऱ्या नाहीत, नोकऱ्या मार्चच्या मध्याच्या असतात आणि २०१७ पासून तीनपेक्षा कमी आस्थापनांच्या ओळी छापतच नाहीत.

एक विनंती: वजाबाकी करत करत एकट्या कंपनीच्या पगारापर्यंत पोहोचण्याचा खटाटोप करू नका. मालक खरी माहिती भरतात ती या गोपनीयतेच्या भरवशावर.

कौलारू

वर्गसंकेतांतले खंडही सांभाळा. उद्योगवर्गीकरण दर पाच वर्षांनी सुधारतं. २०२२ च्या आवृत्तीत किरकोळ व्यापारातला दुकान आणि बिनदुकान हा भेदच काढला, ४५४ हा वर्ग गेला. २०२१ आणि २०२२ मधली किरकोळ व्यापाराची तीन अंकी तुलना त्यामुळे निरर्थक, दोन अंकी पातळीवरच राहा. आणि आस्थापनांचे बदललेले संकेत पहिल्या तिमाहीत लागू होतात. डिसेंबरपर्यंत सपाट असलेली ओळ जानेवारीत उभी चढली आणि शेजारची तेवढीच उतरली, तर ती नोकरभरती नव्हे, संकेत बदलला. बीएलएसच्या वृत्तपत्रकात वार्षिक बदल असे बिगर-आर्थिक फेरफार वगळून दिलेला असतो. फाइलींतल्या पातळ्यांवरून तुम्ही स्वतः काढलेला बदल त्यापेक्षा वेगळा येऊ शकतो.

पाटीपेन्सिल

व्यवसायानुसार पगार हवा असेल, म्हणजे वेल्डर किंवा परिचारिकेचा, तर ओईडब्ल्यूएस, म्हणजे बीएलएसची व्यवसायवार रोजगार-पगार पाहणी, हीच ना?

उत्तरायण

हो. १०, २५, ५०, ७५ आणि ९० वा शतमानक मिळतो, सरासरीपेक्षा मध्यक घ्या. पण त्याचा कल काढू नका. एका वर्षाचा अंदाज तीन वर्षांत गोळा केलेल्या सहा सहामाही नमुन्यांवर उभा असतो, म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत दोन तृतीयांश माहिती तीच असते. मे २०२१ पासून अंदाजाची पद्धतही बदलली. आणि वार्षिक पगार बहुतेक व्यवसायांत ताशी दर गुणिले २,०८० असा काढलेला असतो. अर्धवेळ काम करणाऱ्याच्या हातात तेवढे पडत नाहीत.

सावली

शेवटचा प्रश्न: महागाई वजा करायला छोट्या क्षेत्राचा स्वतंत्र निर्देशांक मिळत नाही. देशाचा लावू का?

मोजपट्टी

शहरवार ग्राहक किंमत निर्देशांक फक्त २३ मोठ्या महानगरांचा निघतो. तुमच्या विभागाचा 'बी/सी' आकारगटाचा निर्देशांक घ्या. तो २५ लाख किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या शहरी भागांचा असतो, त्यामुळे देशाच्या आकड्यापेक्षा जवळचा. हंगामी चढउतार न काढलेली मालिका घेऊन चार तिमाहींच्या पगाराला बारा महिन्यांची सरासरी लावा. बीईएचे प्रादेशिक किंमत-तुलनांक दोन शहरांतली महागाई एकाच वर्षी ताडायला आहेत, काळानुसार महागाई वजा करायला ते वापरू नका.

आणि तक्ता सुरू करण्याआधी कौंट्यांची यादी गोठवा. जुलै २०२३ मध्ये महानगर क्षेत्रांच्या सीमा नव्याने जाहीर झाल्या. रोजच्या ये-जा करणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की बाहेरची कौंटी आत येते, आणि सगळ्या उद्योगांचे आकडे एका रात्रीत वाढतात. आजची यादी घ्या, त्याच कौंट्यांचे जुने आकडे कौंटीच्या फाइलींतून उचला आणि स्वतः बेरीज करून मागची दहा वर्षं पुन्हा बांधा. ज्या नोकऱ्यांची कौंटीच कळलेली नाही, त्या राज्याच्या ९९९ संकेताखाली जातात. त्या कोणत्याही क्षेत्रात वाटून टाकू नका.